चाचणीची फाईल

११ एप्रिल, शुक्रवार

निर्णय झाला. माझा मिठागरावरचा प्रबंध आता लाटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. परवा नेहमीच्या फाईलमध्ये एक तक्ता अर्धा इंच डावीकडे ढकलला, तर तळटीप क्रमांक ११२ उडून थेट मिठागराच्या फोटोवर जाऊन बसली. स्टाफरूममध्ये मी कपाळाला हात लावून बसलो होतो. समोर नयन पेपर तपासत होती. ती आमच्या कल्याणच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि तिच्या पीएचडीत एकही तळटीप कधी उडाली नव्हती, हे तिने मला आजवर निदान दहा वेळा सांगितलं असेल.

"विनीत सर, तुम्ही अजून माउसने टेबल ओढता? सोडा ते. साधा मजकूर टाइप करायचा, मध्ये मध्ये कमांड द्यायच्या, बाकी ते स्वतः लावतं. पीडीएफ बघाल तर छापलेलं पुस्तक वाटेल." एवढं बोलून तिने माझ्या लॅपटॉपवर एक एडिटर टाकला आणि त्या एडिटरवर लाटेकचं प्लगइन. "दोन दिवसांत सेट होईल."

तीस जूनला माझी नोंदणी संपते. मुदतवाढ तिसरी आणि शेवटची. म्हणजे ऐंशी दिवस आहेत. त्यातले दोन एडिटरला दिले तरी अठ्ठ्याहत्तर उरतात. चौथं प्रकरण सोडलं तर सगळा प्रबंध तयार आहे. उत्साह वाटतोय.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी नऊ ते अकरा एक स्वल्पविराम शोधला. प्लगइनच्या सेटिंगची एक फाईल असते, तिच्यात एका ओळीच्या शेवटी तो टाकायचा राहिला होता. त्यामुळे सगळं प्लगइन रुसलेल्या जावयासारखं गप्प होतं. स्वल्पविराम टाकला तर पीडीएफ आली, पण सगळी मराठी अक्षरं चौकोन होऊन. नयनला फोन केला. तिने सांगितलं की मराठीसाठी आतलं इंजिन बदलावं लागतं आणि फॉन्टचं नाव द्यावं लागतं.

दुपारी पडद्यावर 'कोपर' हा शब्द उमटला, माझ्या मिठागराच्या गावाचं नाव. पूर्ण, काळाभोर, जागच्या जागी. बायकोला, प्राचीला, हाक मारून दाखवला.

"छान आहे रे. हे चौथं प्रकरण का?"

"नाही. हा एक शब्द आहे."

ती आंब्याची पेटी उघडत होती, तिकडे परत गेली. बँकेत काम करणाऱ्या माणसांना सुरुवातीचं महत्त्व कळत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

आज प्लगइनची जी खुबी कळली तिने मी हरखून गेलो. पीडीएफमधल्या कुठल्याही शब्दावर क्लिक केलं की एडिटर नेमक्या त्या ओळीवर उडी मारतो. वीस मिनिटं मी नुसता इकडून तिकडे उड्या मारत होतो.

अडचण एवढीच की उड्या मारायला मजकूर लागतो. इंग्रजीवाल्यांकडे अशा चाचणीसाठी तयार निरर्थक मजकूर असतो, आपल्याकडे नाही. म्हणून 'चाचणी' नावाची एक फाईल केली आणि तोंडपाठ असलेलं काहीतरी टाइप करायला घेतलं. मला तोंडपाठ काय आहे, तर गोदूबाईंची मुलाखत. कोपरच्या खाडीकडच्या वस्तीत राहतात, वय ब्याऐंशी, लग्न होऊन आल्यापासून मिठागरात राबलेल्या. मुलाने जमिनीवर चार मजले चढवलेत आणि गोदूबाई तळमजल्याच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. मला मास्तर म्हणतात.

अडीच पानं टाइप झाली. जोडाक्षरं उत्तम दिसतात.

२३ एप्रिल, बुधवार

आजचं काम पक्कं झालं. आता मी फाईल सेव्ह केली की प्लगइन आपोआप पीडीएफ बनवतं आणि तिच्या नावात तारीख-वेळ घालून ती नेटवरून शेअर केलेल्या 'मॅडमसाठी' या फोल्डरमध्ये ठेवतं. सेटिंग एकदाच केलं, माझ्या सगळ्या फायलींना लागू. चौथं प्रकरण लिहून झालं की एका सेव्हमध्ये ते नौपाड्यात पोचलेलं असेल.

गुप्ते मॅडम माझ्या गाइड. बहात्तर वर्षांच्या, निवृत्त, नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी, बाकीचे सगळे कधीच डॉक्टर होऊन गेले. पडद्यावर वाचलेलं त्या वाचन मानत नाहीत. त्यांच्या इमारतीखाली आनंदचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या फोल्डरमध्ये काही आलं की आनंदच्या संगणकावर टिंग वाजतं, तो छापतो आणि खालून हाक मारतो. मॅडम गॅलरीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडतात, कागद वर जातात आणि हिरव्या पेनाने तपासले जातात. लाल पेन परीक्षेच्या पेपरला, हिरवं संशोधनाला, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम आहे. डिसेंबरपासून त्या पिशवीत माझं काही पडलेलं नाही, याची लाज वाटते.

२ मे, शुक्रवार

सुट्टी लागली. चष्म्याच्या डॉक्टरांकडे नौपाड्यात गेलेलो. मॅडमच्या इमारतीवरून जाताना मान खाली घातली होती, पण आनंदने गाठलंच.

"सर, मॅडमचं काम एकदम जोरात चालू आहे हां. या आठवड्यात टोनर बदलला मी. पिशवी दिवसातून चार-चारदा खाली येते."

मला मनापासून बरं वाटलं. मॅडम बहुधा आत्मचरित्र लिहायला बसल्या आहेत. या वयात एवढा उरक. मी मात्र आज समास पाव इंच वाढवून, कमी करून, पुन्हा वाढवून पाहिला.

८ मे, गुरुवार

प्राचीने सकाळी चहा देताना विचारलं, "एडिटरला आज कुठला रंग?"

रंगाचं काम परवाच संपलंय, आता फॉन्ट चालू आहे, हे मी तिला शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, लग्नात नवरदेव अजून फेटाच बांधतोय आणि मुहूर्त टळून गेला, असं चाललंय तुझं." मी हसलो, पण लागलं.

इथे तरी खरं लिहायला हवं. चौथ्या प्रकरणात शून्य शब्द आहेत. ते प्रकरण मुलाखतींचं आहे आणि मुलाखतींनी माझा घात केलाय. दुसऱ्या प्रकरणात मी छातीठोकपणे लिहिलंय की १९६८ साली खाडीच्या भरतीत बांध फुटला आणि मिठागर बंद पडलं. मिठागराच्या मालकाच्या, शेठच्या कागदांत तसंच आहे. आणि गेल्या दिवाळीत गोदूबाई मला ओट्यावर बसून म्हणाल्या, "मास्तर, बांद फुटला नाय रं. आमी बांदलाच नाय."

दर वर्षी दसऱ्यानंतर बायका चिखलाच्या टोपल्या वाहून बांध नव्याने लिंपायच्या. हजेरीपटावर बायकोचं नाव नसायचं, नवऱ्याचं नाव आणि पुढे 'व बायको'. त्या वर्षी उन्हाळ्यात सखुबाई नावाची बाई कामावर असताना बांधावरच बाळंत झाली आणि मुकादमाने त्या दिवशी तिचा खाडा मांडला. दिवसभर बांधावर असलेल्या बाईला गैरहजर म्हटलं. त्यानंतर दसरा आला तेव्हा एकही बाई टोपली घेऊन गेली नाही. भरती आपल्या वेळेला आली.

हे खरं असेल तर माझं दुसरं प्रकरण चुकलंय, आणि पहिल्या तीन प्रकरणांवर मॅडमची सही आहे. मला भीती वाटते. ही भीती आज चाचणीच्या फाईलमध्येही थोडी टाइप केली, परिच्छेदांमधलं अंतर बघायचं होतं म्हणून. अंतर छान आलंय.

१४ मे, बुधवार

मॅडमचा फोन. पाच महिन्यांनी. मी उभा राहूनच घेतला.

"विनीत, त्या सखुबाईंचं मूल जगलं का?"

मी थक्क झालो. सखुबाईंचं नाव त्यांच्यासमोर कधी काढलं होतं ते मला आठवतसुद्धा नाही. या वयात ही स्मरणशक्ती. मी म्हटलं, विचारून सांगतो. "फोनवर सांगू नकोस. लिहून ठेव," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. चौथ्या प्रकरणाबद्दल एक अक्षर नाही, हे त्यांचे उपकार.

१६ मे, शुक्रवार

गोदूबाईंकडे जाऊन आलो. त्यांच्या सुनेने, लक्ष्मीने, सरबत दिलं.

"जगली का म्हंजे? शेवंती ती. अंगनवाडीत हाय, आता रिटायर व्हनार. तिचं पेन्शनचं कागद तुझ्यावानीच कोन मास्तर भरतो." गोदूबाई बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या की सखूला मात्र तो खाडा मरेपर्यंत डाचला. पोरगी झाली त्याचा आनंद एकीकडे आणि खाडा एकीकडे. "बोलायची, गोदू, मी व्हते ना गं थयं?"

घरी येऊन चाचणीच्या फाईलमध्ये हे सगळं लिहिलं. तळटीपा पानाच्या खाली नीट बसतात का ते पाहायचं होतं. बसतात.

२६ मे, सोमवार

चाचणीची फाईल अडतीस पानांची झाली. नयन म्हणते, चाचणीला दोन पानं पुरतात. तिचं फिजिक्स वेगळं. लांब मजकुरात काय बिघडतं ते लांब मजकूर असल्याशिवाय कळणार कसं? म्हणून शेठच्या कागदांतले उतारे एका बाजूला, गोदूबाईंचं म्हणणं दुसऱ्या बाजूला, मध्ये माझं विवेचन, अशी मांडणी करून पाहिली. दोन्हीत कुठे मेळ बसतो, कुठे बसत नाही, तेही लिहिलं, नाहीतर संदर्भसूची तपासता आली नसती.

मॅडमचा पुन्हा फोन. "दसऱ्यानंतर बांधावर न गेलेल्या बायका किती? आकडा नको, नावं हवीत. नवऱ्यांची नव्हे, त्यांची." त्यांचा आवाज तरतरीत वाटला. आत्मचरित्र मानवलंय.

३ जून, मंगळवार

गोदूबाईंच्या तीन फेऱ्या झाल्या. एक्केचाळीस नावं मिळाली. त्या डोळे मिटून बसतात आणि बांधावरून चालत गेल्यासारखी एकेक नाव काढतात, कोण कुणाच्या पुढे टोपली उचलायची त्या क्रमाने. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. लक्ष्मीने टीव्ही बंद करून ठेवला होता.

नावांचा हजेरीपटासारखा तक्ता केला, पुढे जुन्या पटातल्या मुकादमाच्या नोंदी. प्लगइन लांब तक्ते दोन पानांत तोडतं का ते पाहायचंच होतं. तोडतं, आणि दुसऱ्या पानावर मथळाही पुन्हा छापतं. फार समाधान वाटलं.

७ जून, शनिवार

तेवीस दिवस राहिले. आज 'प्रकरण चार' नावाची फाईल उघडली. मथळा आहे. खाली काही नाही. दोन महिने मी काय करत होतो? फेटा बांधत होतो. प्राचीसमोर हे कबूल केलं तेव्हा ती चिडवेल असं वाटलं होतं. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "उद्या मॅडमकडे जा आणि सांगून मोकळा हो."

उद्या जाणार. सांगणार की चौथं प्रकरण वगळू, मुलाखती वगळू, आहे ते जमा करू. गोदूबाईंना काय सांगणार ते माहीत नाही. आज जेवण गेलं नाही.

८ जून, रविवार

सावकाश लिहितो, सगळं नीट आठवायला हवं.

मॅडमनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच सुरू केलं, "मॅडम, चौथं प्रकरण झालेलं नाही, आणि मला वाटतं..."

"आधी बस. पाणी पी."

टेबलावर कागदांचे गठ्ठे होते, एकेक नाडीने बांधलेला. माझ्या ओळखीचा फॉन्ट. वरचा कागद ओढून बघितला. 'चाचणी', एकोणीस एप्रिलला टाइप केलेल्या मुलाखतीची अडीच पानं, छापल्याची तारीख तेवीस एप्रिल. त्याखाली तीच अडीच पानं, समास पाव इंच जास्त. त्याखाली तीच, समास कमी.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. मी सेव्ह करत होतो. प्लगइन पाठवत होतं. आनंदकडे टिंग वाजत होतं. पिशवी खाली येत होती.

"एकशे सदतीस वेळा," मॅडम म्हणाल्या. "माझ्या आयुष्यात इतका मेहनती विद्यार्थी झाला नाही, असं पहिला आठवडाभर मला वाटलं."

आणि त्यांनी प्रत्येक प्रत तपासली होती. हिरव्या शाईत: 'शीर्षक मध्यभागी होतं तेच बरं.' 'समास पुन्हा वाढला. का?' 'हा फॉन्ट नको. लग्नपत्रिका वाटते.' मी जमिनीत गडप व्हायची जागा शोधत होतो. मग आठ मेची प्रत हातात आली. परिच्छेदांमधलं अंतर बघायला मी लिहिलं होतं: 'दुसरं प्रकरण चुकलंय हे मला दिवाळीपासून माहीत आहे. मॅडमना सांगायचं धाडस होत नाही. त्या वाचतात आणि गप्प बसतात, आणि त्या गप्प बसल्या की माझा धीरच सुटतो.'

समासात हिरव्या शाईत एकच ओळ होती. 'गप्प बसत नाही. वाचत असते.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मी तेव्हाच फोन करून सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, याला प्रकरण लिही म्हटलं तर हा लिहिणार नाही. चाचणी म्हणून लिहितोय तर लिहू दे. फक्त मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे." त्यांनी सगळ्यात खालचा, सगळ्यात जाड गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "एकावन्न पानं. तळटीपांसकट, तक्त्यासकट. हे तुझं चौथं प्रकरण. आणि दुसऱ्या प्रकरणावर माझीही सही आहे, तेव्हा ते आपलं दोघांचं चुकलंय. घरी जा आणि दुरुस्त कर."

निघताना मी म्हटलं, ते फोल्डरचं सेटिंग आजच बंद करतो, तुम्हाला फार त्रास झाला. त्या म्हणाल्या, "नको. असू दे. आनंदला सवय झालीये." आनंदला दुकानात इतर कामं नसावीत बहुतेक.

१७ जून, मंगळवार

दुसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. 'बांध फुटला' असं आता कुठेही नाही. 'बांध त्या वर्षी लिंपला गेला नाही' असं आहे, आणि का, हे चौथ्यात. नऊ दिवस लागले. गंमत म्हणजे फॉन्टला एकदाही हात लावला नाही.

नयनला सगळी हकीकत सांगितली. स्टाफरूममध्ये इतकी हसली की शिपाई बघायला आला. मग म्हणाली, "सर, माझ्या गाइडनी माझा प्रबंध एकदाच वाचला. तोसुद्धा सगळा वाचला का ते मला अजून माहीत नाही."

२५ जून, बुधवार

छापायला देण्याआधी तक्ता गोदूबाईंना दाखवायला गेलो. त्यांना वाचता येत नाही. मी एकेका नावावर त्यांचं बोट ठेवत गेलो आणि त्या मान हलवत गेल्या. स्वतःच्या नावावर बोट जरा जास्त वेळ ठेवलं.

"आन् सखू?"

मी त्यांचं बोट सखुबाईंच्या ओळीवर नेलं. ती बाळंत झाली त्या दिवसाच्या रकान्यावर.

"ह्यात काय लिवलंस?"

"खाडा. मूळ कागदात तसंच आहे ना, म्हणून."

गोदूबाईंनी बोट उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मास्तर, मग तू एवढा यून काय लिवलास? मुकादमाचाच लिवलास. सखू थयंच व्हती. काढ तो खाडा."

मी सांगायला लागलो की संशोधनात मूळ कागद बदलता येत नाही. निम्म्यावर थांबलो. मूळ कागद मला बदलायचा नव्हताच, त्याच्या शेजारी लिहायचं होतं. एवढ्यासाठीच तर सगळं चौथं प्रकरण होतं.

लॅपटॉप सोबत होता. ओट्यावर बसून तक्त्यात आणखी एक रकाना घातला. एकात 'मुकादमाची नोंद', दुसऱ्यात 'सोबतच्या बायकांची साक्ष'. सखुबाईंच्या ओळीत पहिल्यात खाडा राहू दिला, दुसऱ्यात 'हजर' लिहिलं. फोनवरचं नेट जोडलं आणि सेव्ह केलं.

लक्ष्मीचा चहा संपायच्या आत मॅडमचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"विनीत, पान दोनशे चौदा मिळालं," मॅडम म्हणाल्या. आणि मग एरवी कधीच करत नाहीत तसं त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "सखुबाई. हजर."

गोदूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "कोन बाई हाय ती?" त्यांनी मला विचारलं. "चांगलं वाचते."

२७ जून, शुक्रवार

सकाळी साडेअकराला प्रबंध जमा केला. तीन दिवस हातात राखून. खिडकीतल्या बाईंनी पानं मोजली, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. पेढे प्राचीने आणले.

दुपारी ते सेटिंग बंद करायला एडिटर उघडला. आता पाठवायला काही उरलेलं नाही. मग नौपाड्यातल्या गॅलरीला गुंडाळून ठेवलेली ती दोरी डोळ्यांसमोर आली आणि माझा हात थांबला. आनंदला सवय झालीये म्हणे. नवी फाईल उघडली, नाव दिलं 'चाचणी दोन', आणि लिहिलं: 'मॅडम, आज सकाळी जमा केला.' सेव्ह केलं.

पंधरा मिनिटांत फोन.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "पण विनीत, एका ओळीसाठी मी पिशवी खाली सोडली. उरलेलं पान कधी येतंय?"